दूर पल्ल्याची नेमबाजी : पहिली रायफल घेण्यापूर्वी

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



 मी काही मोठा नेमबाज नव्हे. आयुष्यभर शाळेत गणित शिकविले आणि एन. सी. सी.च्या मुलांना घेऊन फायरिंग रेंजवर गेलो, एवढीच माझी पात्रता. मात्र गेल्या काही महिन्यांत आपल्यापैकी तीन-चार पालक माझ्याकडे येऊन गेले. प्रत्येकाचा प्रश्न एकच होता. "सर, मुलाला रायफल शूटिंग शिकायचे आहे, लांब पल्ल्याचे. कोणती रायफल घ्यावी?" त्यांतील एका भल्या गृहस्थांनी तर मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली मुदत ठेव मोडण्याची तयारी केली होती. तो प्रश्न ऐकून मला रात्री झोप लागली नाही. का लागली नाही, ते मी पुढे सांगणार आहे. आजचे माझे सर्व बोलणे हे त्या एका प्रश्नाचे उत्तर आहे, असे आपण समजावे.

आपल्या नगरला तोफाबंदुकांची ओळख नवी नाही. विजापूरच्या शेर्जा बुरुजावर असलेली सुप्रसिद्ध 'मलिक-ए-मैदान' तोफ 1549 साली आपल्या याच शहरात ओतली गेली. ती मुहंमद बिन हसन रूमी याने घडविली. आजही खारे-कर्जुने येथील के. के. रेंजवर रणगाड्यांचा सराव सुरू झाला की राहुरी-पारनेरच्या शिवारापर्यंत त्याचा दणका ऐकू येतो. चिलखती दलाचे केंद्र येथे आहे, यंत्रसज्ज पायदळाचे केंद्र 1979 पासून येथे आहे. त्यामुळे 'लांब पल्ला' म्हटले की आपल्या मुलांच्या डोळ्यांपुढे तोच दणका उभा राहतो. परंतु खेळातील नेमबाजी ही दणक्याची विद्या नव्हे. ती श्वासाची, स्थिर उभे राहण्याची आणि हिशेबाची विद्या आहे. हा फरक ध्यानात आला की साहित्याची निवड निम्मी सोपी होते.

आता लांब पल्ला म्हणजे नेमके किती, ते पाहू. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार रायफलच्या स्पर्धा मुख्यतः तीन अंतरांवर होतात. पहिले 10 मीटर, एअर रायफलने. दुसरे 50 मीटर, 5.6 मिलिमीटरच्या म्हणजे आपण ज्याला पॉइंट टू-टू म्हणतो त्या रायफलने. तिसरे 300 मीटर, मोठ्या बोअरच्या रायफलने. इंग्लंडमध्ये बिस्ले येथे तर 1,000 यार्डांवर, म्हणजे 914 मीटरवर, स्पर्धा होतात. 300 मीटरचा प्रकार ऑलिंपिकमध्ये 1972 पर्यंत होता, त्यानंतर तो तेथून गेला. जागतिक अजिंक्यपदासाठी मात्र तो अजून खेळला जातो. आपल्या देशात 300 मीटरवर प्रामुख्याने लष्करातील नेमबाज दिसतात. याचे कारण उघड आहे. तशी रायफल, तशी काडतुसे आणि तेवढी सुरक्षित रेंज सामान्य नागरिकाला सहजासहजी मिळत नाही. 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत गगन नारंग याच्याबरोबर 50 मीटर थ्री पोझिशनच्या जोडीत सुवर्णपदक मिळविणारा इम्रान हसन खान हाही लष्करातलाच.

म्हणून मी पालकांना स्पष्ट सांगतो. तुमच्या मुलाचा 300 मीटरचा रस्ता 10 मीटरवरूनच जातो. मुलांनो, येथे निराश होऊ नका. जरा गणित करा. 10 मीटरवर तुमचा हात एक मिलिमीटरने चुकला, तर तीच चूक 50 मीटरवर पाच मिलिमीटर आणि 300 मीटरवर तीन सेंटिमीटर होते. 10 मीटरच्या लक्ष्यावरील दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो, बारीक टाचणीच्या टोकाएवढा. 50 मीटरवर दहाचे वर्तुळ 10.4 मिलिमीटरचे, तर 300 मीटरवर 10 सेंटिमीटरचे असते. त्या लांबच्या अंतरावर वारा, ऊन आणि काडतुसाची जात यांची भर पडते. हात, श्वास आणि ट्रिगर यांच्या चुका मात्र जवळच्या अंतरावरच कळतात व तेथेच दुरुस्त होतात. ज्याला 10 मीटरवर आपली चूक ओळखता येत नाही, तो 300 मीटरवर सगळा दोष वाऱ्याला देतो.

महाराष्ट्रातील आपल्या खेळाडूंची उदाहरणे पाहा. मुंबईच्या अंजली भागवत यांच्या हाती रायफल आली ती एन. सी. सी.मुळे. 2000 च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये त्यांनी एअर रायफलची अंतिम फेरी गाठली. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी 2010 साली म्युनिच येथे 50 मीटर प्रोन प्रकारात जागतिक अजिंक्यपद मिळविले. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा स्वप्निल कुसळे हा शिक्षकाचा मुलगा. शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत तो घडला, मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून लागला आणि 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिसमध्ये 50 मीटर थ्री पोझिशन प्रकारात त्याने 451.4 गुणांसह कांस्यपदक मिळविले. या प्रकारातले भारताचे हे पहिलेच ऑलिंपिक पदक. 1952 साली हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी कुस्तीत पदक मिळविल्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला मिळालेले हे पहिले वैयक्तिक पदक. काडतुसांसाठी त्याच्या वडिलांनी कर्ज काढल्याचे त्या वेळी वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध झाले होते. पालकहो, बातमीतील हे कर्ज आपल्या लक्षात राहते. परंतु त्या आधीची प्रबोधिनीतील शिस्तबद्ध वर्षे आपण विसरतो. मुलाची चाचणी झाली, शिक्षण झाले, खेळ ठरला आणि मग खर्च वाढला. आपण बहुधा उलट्या क्रमाने जातो.

हे मी कोणाला टोचून बोलत नाही. उलट्या क्रमाने जाण्याचा पहिला मान माझ्याच घराला आहे. ती हकिगत आता सांगतो.

सुमारे बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी भाची तेव्हा अकरावीत होती. कॉलेजच्या एन. सी. सी.मध्ये तिने फायरिंगमध्ये चांगले गुण मिळविले. तिच्या गोळ्या लक्ष्यावर एका रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या जातील इतक्या जवळ पडत. घरात आनंदीआनंद झाला. आमचे दुल्हाभाई श्रीरामपूरकडे मोटर रिवाइंडिंगचे काम करीत. त्यांनी मला विचारले, "भाईजान, तुम्ही जाणकार. सांगा काय घ्यायचे?" एका ओळखीच्या माणसाकडे परदेशी बनावटीची जुनी एअर रायफल विकाऊ होती. मी ती पाहिली, हातात धरली, दोन-चार गोळ्या मारल्या. माझ्या खांद्याला ती छान बसली. मी म्हणालो, "डोळे मिटून घ्या." आपाने हातातल्या चार बांगड्या मोडल्या आणि रायफल घरी आली.

माझी चूक तुमच्या लक्षात आली असेल. रायफल मी माझ्या खांद्याला लावून पाहिली. जिला ती वापरायची होती, तिच्या खांद्याला लावलीच नाही. माझी उंची पाच फूट नऊ इंच, तिची पाच फूट. रायफल पाच किलोच्या वर, मुलीचे वजन बेचाळीस किलो. दस्ता लांब, त्यामुळे बोट ट्रिगरपर्यंत नेण्यासाठी तिला मान पुढे ताणावी लागे. त्यातून पुढे असे उघडकीस आले की तिचा डावा डोळा प्रबळ आहे. एन. सी. सी.त सगळे उजव्या खांद्याने मारतात म्हणून तीही तशीच मारीत होती. आणि हवेच्या सिलिंडरवर कोरलेली तारीख मी वाचलीच नव्हती. त्याची मुदत संपत आली होती. सहा महिन्यांत पोरीची पाठ धरली. गुण वाढण्याऐवजी उतरले. तिने कधी तक्रार केली नाही, कारण बांगड्या तिला दिसत होत्या. एके दिवशी तिने रायफल पेटीत बंद करून पलंगाखाली सरकविली आणि म्हणाली, "मामू, मला नाही जमत." पुढे आम्ही ती रायफल निम्म्याहून कमी किमतीत विकली. ज्या उंच मुलाने ती घेतली, तो दोन वर्षे तिच्यावर उत्तम खेळला. म्हणजे रायफलीत खोट नव्हती. ती आमच्या मुलीच्या मापाची नव्हती, एवढेच. त्या मुदत ठेवीची गोष्ट ऐकून मला झोप का लागली नाही, हे आता आपल्याला कळले असेल.

म्हणून आता क्रमाने सांगतो. विद्यार्थ्यांनी वहीत टिपून घ्यावे.

पहिली गोष्ट, निदान सहा महिने काही विकत घेऊ नका. आधी प्रशिक्षक शोधा. शाळा-कॉलेजात एन. सी. सी. असेल तर तेथे नाव घाला. तेथे पॉइंट टू-टू रायफल हाताळण्याची शिस्त फुकट शिकायला मिळते. जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या शालेय स्पर्धांत एअर रायफलचे प्रकार असतात, ओपन साइट आणि पीप साइट असे. ओपन साइट म्हणजे खाच आणि काटा, साधा नेम. पीप साइट म्हणजे बारीक छिद्रातून पाहण्याचा नेम. नवख्याने क्लबची रायफल वापरून ओपन साइटवर सुरुवात केली तरी काही बिघडत नाही. पुण्याला बालेवाडीच्या क्रीडा संकुलात किंवा मुंबईला वरळीच्या रेंजवर एकदा मुलाला नेऊन मोठ्या स्पर्धा दाखवा. साठ गोळ्यांसाठी खेळाडू सव्वा तास कसा उभा राहतो, ते त्याला डोळ्यांनी पाहू द्या. काही मुलांची हौस तेथेच फिटते. तशी फिटली तर तुमचे लाख रुपये वाचले म्हणून शुक्र माना.

दुसरी गोष्ट, मुलाचे माप. प्रबळ डोळा ओळखण्याची युक्ती सोपी आहे. दोन्ही हात लांब करून तळव्यांच्या मध्ये छोटी फट ठेवायची आणि त्या फटीतून दोन्ही डोळ्यांनी भिंतीवरचे घड्याळ पाहायचे. मग एकेक डोळा मिटायचा. जो डोळा उघडा असताना घड्याळ जागेवर राहते, तो प्रबळ. तो डावा निघाला तर खांदा कोणता, हे प्रशिक्षकाला विचारून रायफल घेण्याआधीच ठरवावे. कारण दस्ता आणि मूठ डाव्या हाताची वेगळी येते. दस्त्याची लांबी पाहण्यासाठी कोपर काटकोनात वाकवून दस्त्याचे टोक कोपराच्या खळगीत टेकवावे. तर्जनीचे पहिले पेर ट्रिगरवर आरामात पोचले पाहिजे. हे झाले ढोबळ माप. शेवटचा निर्णय मुलगा प्रत्यक्ष नेम धरून उभा राहिल्यावरच घ्यावा. वजनाचेही तसेच. नियमाप्रमाणे एअर रायफल साडेपाच किलोपर्यंत आणि 50 मीटरची रायफल आठ किलोपर्यंत चालते. ही वरची मर्यादा आहे, तेवढे वजन असलेच पाहिजे असे नाही. मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून जड रायफल सुरुवातीला देऊ नये, असा माझा अनुभव आहे.

तिसरी गोष्ट, खरेदीचा क्रम. आधी कानात घालायचे बोळे आणि लागत असल्यास नवा चष्मा. डोळे तपासल्याशिवाय नेम सुधारत नाही. मग हातमोजा. त्यानंतर शूटिंगचे जाकीट. हे जाकीट जाड कॅनव्हासचे किंवा चामड्याचे असते. ते पाठीला आधार देते. त्याच्या कापडाची जाडी अडीच मिलिमीटरपेक्षा जास्त असून चालत नाही, स्पर्धेत ती यंत्राने मोजतात. वाढत्या वयाच्या मुलाला नवे जाकीट शिवू नका. मोठ्या मुलाचे वापरलेले मिळत असेल तर ते घ्या. दोन वर्षांत ते पुन्हा तिसऱ्याला देता येईल. मग बूट आणि विजार. रायफल सर्वांत शेवटी.

हा क्रम ऐकून मुले हिरमुसतात, हे मला माहीत आहे. परंतु जाकीट असलेला मुलगा क्लबच्या जुन्या रायफलीवर प्रगती करतो. रायफल असलेला आणि जाकीट नसलेला मुलगा मात्र कंबर धरून बसतो.

चौथी गोष्ट, रायफल कोणती. बाजारात दोन जाती आहेत. एक स्प्रिंगची, नळी मोडून किंवा दांडा ओढून भरायची. ती स्वस्त असते, काही हजारांत येते, पण सुटताना झटका देते. दुसरी दाबलेल्या हवेची, सिलिंडर असलेली. तिला झटका जवळजवळ नसतो. स्पर्धेसाठी शेवटी हीच लागते. नामांकित परदेशी बनावटीच्या रायफली लाखाच्या पुढे, दोन लाखांच्याही पुढे जातात. आता भारतातही अशा रायफली बनू लागल्या आहेत. नवख्याला त्या पुरेशा आहेत की नाहीत, हे जाहिरात वाचून ठरवू नका, प्रशिक्षकाला विचारून ठरवा. मी एवढेच सांगेन की गालाची पट्टी आणि दस्त्याचे टोक वर-खाली, मागे-पुढे सरकविता येईल अशीच रायफल घ्या. मूल वाढते, रायफल वाढत नाही. दुर्बीण लावलेली रायफल दाखवून कोणी भुलवील. लक्षात ठेवा, या स्पर्धांत दुर्बिणीचा नेम चालत नाही.

जुनी रायफल घेण्यात कमीपणा नाही. पण तीन गोष्टी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. सिलिंडरवर तयार झाल्याची तारीख पाहा. साधारण दहा वर्षांची मुदत असते. 200 बार दाबाची हवा म्हणजे गंमत नव्हे, मुदत संपलेले सिलिंडर भरू नये. दुसरे, रायफल शिकंज्यात बांधून दहा गोळ्या एकाच जागी पडतात की नाही ते पाहा. तिसरे, मूळ बिल आणि क्रमांक. बिल नाही तर रायफल नाही. स्वस्तात मिळाली तरी नाही.

पाचवी गोष्ट, पुढचा खर्च. गणिताचा मास्तर आहे, हिशेब मांडल्याशिवाय राहवत नाही. मुलाने रोज शंभर छर्रे मारले तर पाचशेचा डबा पाच दिवसांत संपतो. महिन्याला पंचवीस दिवस सराव म्हणजे पाच डबे. वर्षाला साठ. यात प्रवास, स्पर्धांची फी, हवा भरण्याचा खर्च धरलेला नाही. म्हणून हाती असलेल्या पैशांपैकी फार तर निम्मे साहित्यात घाला, निम्मे सरावासाठी राखा. सगळे पैसे रायफलीत घालून छर्रे मोजून मारणारा मुलगा पुढे जात नाही. एक फुकटचा सरावही आहे. ज्या रायफलीत कोऱ्या ट्रिगरची सोय असते, तिच्यावर घरी भिंतीवर ठिपका काढून छर्र्याविना नेम धरावा. स्प्रिंगच्या रायफलीवर मात्र हे करू नये, ती बिघडते.

आता 50 मीटरबद्दल थोडेसे. 10 मीटरवर दोन-तीन वर्षे स्थिर गुण आले, राज्य पातळीवर नाव लागले की तिकडे वळावे. तेथे गुडघ्यावर, पालथे पडून आणि उभे राहून अशा तीन स्थितींत वीस-वीस गोळ्या माराव्या लागतात. दंडाला बांधायचा पट्टा, गुडघ्याखालची गोल उशी, लक्ष्य पाहण्याची दुर्बीण स्टँडसह, एवढे साहित्य वाढते. तेथे वाऱ्याशी गाठ पडते. आपल्या नगरच्या माळावरचा वारा ज्याने अंगावर घेतला आहे, त्याला मी काय सांगणार? रेंजवर छोटी निशाणे लावलेली असतात. ती वाचायला शिकणे हे नव्या रायफलीपेक्षा मोलाचे. आणि काडतुसे एकाच जातीची, शक्य तर एकाच लॉटची घ्यावीत. प्रत्येक नळीची आवड वेगळी असते. चार जातींची थोडी थोडी काडतुसे मारून पाहावीत. ज्यांचा पुंजका सर्वांत लहान, ती आपली. महाग म्हणजे आपली, असे नव्हे.

सहावी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कायदा. 4.5 मिलिमीटरच्या कमी शक्तीच्या, म्हणजे 20 जूलच्या आतल्या एअर रायफलीला साधारणपणे शस्त्रपरवाना लागत नाही. स्पर्धेची एअर रायफल या मर्यादेच्या पुष्कळ खाली असते. तरीही घेताना दुकानदाराकडून लेखी खात्री करून घ्यावी. पॉइंट टू-टू आणि त्यावरील प्रत्येक रायफलीला 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवाना लागतो आणि त्यासाठी एकवीस वर्षे पूर्ण असावी लागतात. त्या वयाच्या आतील खेळाडूंना प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली सरावाची सोय नियमांत आहे. ती मान्यताप्राप्त क्लबमार्फतच घ्यावी. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणे हा 2019 च्या दुरुस्तीनंतर तुरुंगवासाचा गुन्हा आहे. आपल्या घरात नेमबाज आहे म्हणून पाहुण्यांनी कितीही आग्रह केला तरी पेटी उघडायची नाही.

येथे मी एक नाजूक विषय मोकळेपणाने बोलतो. एक माता मला म्हणाल्या, "सर, आमच्या घरात बंदूक आली तर मोहल्ल्यात, कचेरीत लोक काय म्हणतील? पोराच्या मागे नसती चौकशी लागली तर?" ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. तिचे उत्तर लपून राहण्यात मात्र नाही, सगळे उघड ठेवण्यात आहे. क्लबचे सभासदत्व, बिल, ओळखपत्र, स्पर्धेची प्रमाणपत्रे एका फाइलमध्ये नीट लावावीत आणि त्यांच्या प्रती पेटीत ठेवाव्यात. रायफल नेहमी बंद पेटीतून न्यावी, छर्रे वेगळे. एस. टी.त, रस्त्यात ती बाहेर काढू नये. रायफलीसह ऐट मारणारे फोटो मोबाइलवर पाठवू नयेत. खेळाडूचा फोटो रेंजवर, जाकीट घालून, प्रशिक्षकाबरोबर असावा. आपल्या देशात ही संघटना 1951 साली उभी राहिली आणि तिचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळणकर. आजही राष्ट्रीय स्पर्धेच्या आधीची मोठी स्पर्धा त्यांच्याच नावाने भरते. म्हणजे हा खेळ सभ्य गृहस्थांचा आणि कायद्याच्या चौकटीतला आहे. खुर्जा गावचा मैराज अहमद खान हा स्कीट नेमबाजीत ऑलिंपिकला पात्र ठरलेला पहिला भारतीय. 2022 साली त्याने विश्वचषकाचे सुवर्णपदकही आणले. त्याच्या छातीवर तिरंगा होता. तो पाहून कोणी त्याची जात-जमात विचारली नाही.

मुलींच्या पालकांना दोन शब्द. या खेळात मुलगी मुलापेक्षा कमी नाही. एअर रायफलमध्ये आता दोघांनाही साठच गोळ्या असतात. पोशाखाची अडचण सांगून मुलीला घरी बसवू नका. इराणची इलाहे अहमदी डोक्याला रुमाल बांधून 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीपर्यंत गेली. रुमाल घट्ट असावा आणि नेमाच्या आड येऊ नये, एवढे पाहावे. ज्या नगरच्या किल्ल्याच्या तटावर चांदबिबी स्वतः उभी राहिली, त्या नगरात हा प्रश्न पडावा, याचे मला नवल वाटते.

शेवटी संस्थेला एक विनंती. एकेका बापाने कर्ज काढून एकेक रायफल घेण्यापेक्षा दहा पालकांनी मिळून दोन रायफली घ्याव्यात. एक उजव्या हाताची आणि एक दोन्ही हातांनी वापरता येईल अशी. मापे सरकविता येणारी दोन-तीन जाकिटे घ्यावीत. अनुभवी प्रशिक्षकाला आठवड्यातून दोन दिवस बोलवावे. संघटनेच्या नियमांप्रमाणे बंदिस्त दहा मीटरची जागा कशी करावी, ते त्यांच्याकडूनच समजून घ्यावे आणि परवानगीशिवाय एकही छर्रा मारू नये. वर्षभरात वीस मुले येतील, पाच टिकतील, एखादे पुढे जाईल. जे टिकणार नाहीत त्यांच्या घरच्या बांगड्या तरी शाबूत राहतील. आणि जे एक पुढे जाईल, त्याच्यासाठी मग आपण सर्वांनी मिळून खर्च करू. शासकीय नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, हेही पालकांनी ध्यानात ठेवावे. पण केवळ नोकरीसाठी म्हणून मुलाच्या हाती रायफल देऊ नका. त्याला स्थिर उभे राहता आले, स्वतःची चूक स्वतः वाचता आली, तर पदक न मिळाले तरी त्याचे काही वाया गेले नाही.

मुदत ठेव मोडू पाहणारे ते गृहस्थ आज या सभेत बसले आहेत. त्यांना मी उत्तर दिले ते असे. "ठेव राहू द्या. मुलीला शनिवारी माझ्याकडे पाठवा. आधी तिचा डोळा कोणता, ते पाहू." ती तीन शनिवार आली आहे. डोळा उजवा आहे आणि हात शांत आहे. रायफल अजून घेतलेली नाही. माझ्या भाचीचे जाकीट मात्र तिला बरोबर बसले. ते देताना भाचीने स्वतः बटणे नीट करून दिली आणि मला म्हणाली, "मामू, या वेळी घाई करू नका." तिने सांगितलेले मी तुम्हाला सांगितले. 

खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.